सही सगळ्यात शेवटी बघा

जुनी बॅट, जर्सी, चेंडू किंवा खेळाडूचं छापील कार्ड ऑनलाइन विकायला दिसलं की नजर आधी सहीवर जाते. नकली माल बनवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे त्याची निम्मी मेहनत सहीवरच खर्च झालेली असते. कागद, दोरा, लेबल, स्टेपल, शिक्क्याची शाई यांच्याकडे मात्र त्याचं दुर्लक्ष होतं. सही घोटून घोटून जमते, पण ऐंशी वर्षांपूर्वीचा दोरा आणायचा कुठून? म्हणून तपासणी उलट्या टोकाने करायची. आधी माल, मग छपाई आणि शिवण, त्यानंतर कागदपत्रं आणि सही सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवून घ्या. घरी करता येण्यासारखी कुठलीही चाचणी वस्तू खरी असल्याचं सिद्ध करत नाही. ती फार तर एवढंच सांगते की ही वस्तू त्या काळातली असूच शकत नाही. दहा चाचण्यांत पास झालेली वस्तू अकरावीत नापास झाली की विषय संपला, तिथे सरासरी काढायची नसते.

सनावळी

सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे सनावळी. भिंग नको, दिवा नको, वस्तू हातातही यायला नको.

उदाहरण म्हणून अमेरिकेचा दिग्गज बेसबॉलपटू बेब रूथ याची सही असलेला बेसबॉल घ्या. तो ज्या बेसबॉल लीगमध्ये खेळला त्या अमेरिकन लीगच्या अधिकृत चेंडूंवर त्या त्या वेळच्या लीग अध्यक्षाची सही छापलेली असायची. विल हॅरिज १९३१ ते १९५९ अध्यक्ष होता, त्याच्यानंतर १९७३ पर्यंत जो क्रोनिन. रूथ वारला ऑगस्ट १९४८ मध्ये. म्हणजे क्रोनिनचं नाव छापलेल्या चेंडूवर रूथची सही कितीही झोकदार असली तरी तो चेंडू खोटाच. फोटोत सही समोर ठेवून चेंडूची छापील बाजू टाळलेली असेल, तर ती बाजू आधी मागवा. चेंडूचं चामडं आणि बनवणारी कंपनीही काळ सांगते. १९७४ पासून घोड्याच्या चामड्याऐवजी गायीचं चामडं आलं आणि १९७७ पासून लीगचे चेंडू स्पाल्डिंगऐवजी रॉलिंग्ज बनवू लागली.

पेनालाही जन्मसाल असतं. बॉलपेन अमेरिकेत विक्रीला आलं १९४५च्या अखेरीस. शार्पी हा पक्क्या शाईचा मार्कर आला १९६४ साली. बेसबॉलपटू लू गेरिग १९४१ मध्येच वारला, त्यामुळे त्याची बॉलपेनची सही हा विनोद आहे; तरीही असा माल दिसतो आणि खपतोही. क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस आणि व्हिक्टर ट्रम्पर दोघेही १९१५ मध्ये गेले. त्यांच्या सह्या दौतीतल्या शाईच्या किंवा फार तर पेन्सिलीच्या असणार.

कपड्यांचंही तसंच. १९८३चा विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूवर खेळला गेला. विश्वचषकात रंगीत कपडे आले ते १९९२ साली. तेव्हा 'त्र्याऐंशीच्या फायनलची निळी जर्सी' अशी ओळ दिसली की पुढे वाचायचे कष्टसुद्धा घेऊ नका. मात्र १९८५ साली ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत भारतीय संघ रंगीत कपड्यांत खेळला होता, म्हणजे १९९२ आधीची रंगीत जर्सी दिसली की ती नकली, असा उलटा निष्कर्षही काढता येत नाही. विश्वचषकात पाठीवर नंबर आले १९९९ पासून आणि कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नाव-नंबर आला थेट २०१९च्या ॲशेसमध्ये. फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगच्या शर्टांवर खेळाडूंची नावं १९९३-९४च्या हंगामापासून आणि विश्वचषकात १९९४ पासून. बेसबॉलचे फ्लॅनेलचे गणवेश जाऊन विणलेलं ताणदार सिंथेटिक कापड आलं ते १९७० साली, पिट्सबर्ग पायरेट्स या संघापासून.

ऑलिंपिक पदकांच्या बाबतीत हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे गळ्यातली फीत. पदक गळ्यात घालण्याची पद्धत १९६०च्या रोमपासूनची. त्याआधी ते डबीत घालून हातात देत. १९४८चं विजेत्याचं पदक 'मूळ फितीसह' असेल तर फीत नंतरची किंवा पदकच नंतरचं. भरीव सोन्याची पदकं १९१२च्या स्टॉकहोमनंतर बंद झाली. पुढची सुवर्णपदकं म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. आणि 'ऑलिंपिक पदक' या दोन शब्दांत सहभागाचं पदकही बसतं. ते भाग घेणाऱ्या सगळ्यांना मिळतं. विक्रेता खोटं बोलत नसतो, एवढंच की अर्धवट बोलत असतो.

कागद

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्यायची तर ३६५ नॅनोमीटरची घ्या. ३९५ची स्वस्त टॉर्च जांभळा उजेड इतका पाडते की कागदाची स्वतःची चमक त्यात बुडून जाते. खोली पूर्ण अंधारी करा, डोळ्यांना दोन मिनिटं सवय होऊ द्या आणि शेजारी आजचा झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा. तो निळसर पांढरा भगभगेल. ही चमक कागद पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या रसायनाची, आणि ते कागदात सर्रास यायला लागलं दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३०चं म्हणवणारं कार्ड किंवा कार्यक्रमपत्रिका तशीच भगभगत असेल तर ती १९३०ची नाही.

उलट मात्र खरं नाही. न चमकणारा कागद आजही मिळतो, आणि जुन्या पुस्तकाचं कोरं पान फाडून घेणं तर बनावट सह्यांच्या धंद्यातली नेहमीची युक्ती. इथे एक बारकावा कामाला येतो. कागद बनवताना त्याला खळ दिलेली असते, म्हणून शाई जागेवर थांबते. वर्षानुवर्षांत ती खळ निकामी होत जाते. अशा कागदावर आज दौतीच्या शाईने लिहिलं तर शाई टिपकागदासारखी पसरते आणि रेषेच्या दोन्ही कडांना केसासारखे बारीक फाटे फुटतात. तीच सही कागद नवा असताना केलेली असेल तर कडा स्वच्छ राहतात. कागद पिवळा आणि जीर्ण, शाईला मात्र सगळीकडून फाटे, अशी जोडी दिसली की सही कागदापेक्षा बरीच तरुण समजायची.

घडीकडेही बघा. सही आधी आणि घडी नंतर पडली असेल तर घडीवर शाईचा थर तुटलेला, झिजलेला दिसतो. घडी आधीची असेल तर शाई त्या चिरेत उतरून तिथे जाड होते. दहा पटींच्या भिंगाखाली हा फरक नवख्यालाही कळतो.

चहा-कॉफीत बुचकळून जुना केलेला कागद ओळखायला फार हुशारी लागत नाही. खरा जुना कागद कडेने जास्त आणि मध्ये कमी पिवळा पडतो, कारण हवा आणि उजेड कडेने शिरतात. बुचकळलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखा तपकिरी असतो आणि सुकताना जिथे पाणी साचलं तिथे गडद काठ उरतो. पुस्तिका असेल तर मधलं पान उघडा. वरचं पान आणि मधलं पान एकाच रंगाचं असणं संशयास्पद. स्टेपल गंजलेली असेल तर गंजाचा डाग भोवतीच्या कागदात मुरलेला हवा. गंजकी स्टेपल आणि तिच्याभोवती कोरा कागद म्हणजे स्टेपल नंतर मारली. गाजलेल्या अंतिम सामन्यांच्या कार्यक्रमपत्रिकांची पुनर्मुद्रणं उघडपणे निघालेली आहेत, उदाहरणार्थ १९२३चा वेम्बलीवरचा इंग्लिश फुटबॉलचा पहिला एफए कप अंतिम सामना. ती छापणाऱ्याने फसवलेलं नसतं. पुढे कुणीतरी त्यावरची पुनर्मुद्रणाची बारीक ओळ खरवडून टाकतो. त्या जागी कागद पातळ झालेला असतो. पान खिडकीसमोर धरलं की उजेड तिथून जास्त येतो.

छपाई

कार्डांच्या बाबतीत मी भिंगाला टॉर्चपेक्षा जास्त मानतो. दहा पटींचं जवाहिऱ्याचं भिंग बास, तीस पटींचं असेल तर चैन.

चित्राकडे नको, काळ्या अक्षरांकडे बघा. मूळ छपाईत नाव, चौकट आणि मागचा मजकूर अखंड शाईत छापलेला असतो, त्यामुळे अक्षराची कड धारदार आणि आत काळा रंग सलग दिसतो. नकल मूळ कार्ड स्कॅन करून काढलेली असते, त्यामुळे तिच्यात अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनतात. काळ्या अक्षराच्या पोटात निळे, लाल, पिवळे ठिपके दिसतात आणि कड करवतीसारखी होते. इंकजेटचे ठिपके वाळूसारखे विस्कटलेले असतात. लेझरची शाई कागदात शिरत नाही, वर पापुद्र्यासारखी बसते आणि आजूबाजूला काळी धूळ उडालेली दिसते. या एका चाचणीत बहुतेक घरगुती नकला गळतात.

मग पट्टी. १९५२ ते १९५६ या काळातली टॉप्स या अमेरिकन कंपनीची बेसबॉल कार्डं २ ५/८ × ३ ३/४ इंचांची, म्हणजे साधारण ६६.७ × ९५.३ मिलिमीटर. १९५७ पासून ती २ १/२ × ३ १/२ इंचांवर आली. टॉप्सने स्वतः १९८३ साली १९५२च्या संचाचं पुनर्मुद्रण काढलं, ते या नव्या, लहान मापाचं आहे. त्या संचातलं ३११ क्रमांकाचं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड ८८.९ मिलिमीटर लांब भरलं तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. मात्र मूळ मापात काढलेल्या अनधिकृत नकलाही असतात, त्यामुळे माप जुळलं म्हणून भिंग खाली ठेवायचं नाही.

माप कमी भरण्याचं दुसरं कारण कड कापणं. कोपरे झिजले की कार्डाचा भाव पडतो, म्हणून कड अर्धा मिलिमीटर छाटून कोपरे टोकदार करतात. असं कार्ड अस्सल असतं, पण बिघडवलेलं. १९०९ ते १९११ दरम्यान निघालेल्या टी-२०६ या बेसबॉल कार्डांच्या संचातलं होनस वॅगनरचं सगळ्यात गाजलेलं कार्ड याच प्रकारातलं. कार्डांची स्थिती तपासून श्रेणी देणाऱ्या नामांकित संस्थेने त्याला १० पैकी ८ श्रेणी दिली होती आणि लिलावदार बिल मॅस्ट्रोने २०१३ साली आपणच त्याच्या कडा कापल्याचं न्यायालयात कबूल केलं. बोट फिरवून किंवा आडव्या, म्हणजे बाजूने पाडलेल्या उजेडात बघा: छापखान्यातल्या जुन्या कापणीची कड किंचित तंतुमय आणि इतर कडांइतकीच मळलेली असते, ताजी कापलेली कड गुळगुळीत आणि पांढरट.

यावर सगळ्यात उपयोगी खर्च म्हणजे त्याच संचातलं, त्याच सालचं, कुणालाही नको असलेल्या खेळाडूचं एक स्वस्त कार्ड विकत घेणं. कार्डाची जाडी, मागचा रंग, टॉर्चखालचं वागणं, उजेड आरपार किती येतो, सगळ्याची तुलना त्याच्याशी करा. नकली कार्ड एकटं पाहिलं तर पटतं, शेजारी अस्सल ठेवलं की उघडं पडतं.

फोटोंबद्दल थोडक्यात. कृष्णधवल फोटोंसाठी प्लॅस्टिकचा थर असलेला कागद १९७०च्या आसपास रुळला. त्याआधीच्या फोटोची पाठ निव्वळ कागदाची लागते आणि तो आपसूक गोल वळतो. जुन्या फोटोच्या गडद भागात, विशेषतः कडेला, तिरक्या उजेडात आरशासारखी रुपेरी झाक येते. ती उठवणं अवघड, म्हणून मला ती विश्वासाची वाटते. मूळ निगेटिव्हवरून चाळीस वर्षांनी काढलेली प्रतही विकली जाते. तिच्यातला प्रसंग खरा, पण फोटो जुना नाही.

कापड आणि लाकूड

टॉर्च जर्सीवर लावताना सावध राहा. धुण्याच्या पावडरीत तेच चमकवणारं रसायन असतं, त्यामुळे १९४०ची अस्सल जर्सी नंतर एकदा जरी धुतली गेली असेल तरी चमकेल. म्हणून सगळीकडे सारखी चमक असेल तर तिला फारसं महत्त्व नाही. वेगळी चमक शोधा. सगळा शर्ट मंद आणि फक्त नंबर शिवलेला दोरा झळाळतोय, असं असेल तर नंबर नंतर लावलाय. शर्ट आतून उलटा करून दिव्यासमोर धरा. आधीचा नंबर उसवून दुसरा लावला असेल तर जुन्या टाक्यांची भोकं रांगेत दिसतात आणि जुन्या नंबराखालचं कापड भोवतालपेक्षा गडद राहिलेलं असतं. धुण्याच्या सूचनांचं कायम शिवलेलं लेबल अमेरिकेत १९७२ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या अमेरिकन गणवेशात ते असेल तर प्रश्न विचारा.

'सामन्यात घातलेली' या दाव्याला एकच भक्कम पुरावा असतो, तो म्हणजे फोटोशी मेळ. संघाची जर्सी कारखान्यात एकसारखी वाटली तरी पट्टा शिवणीला कुठे मिळतो, बिल्ला किती अंशांनी तिरका बसलाय, नंबराची कड जाळीच्या कुठल्या भोकावर येते, हे प्रत्येक शर्टाचं वेगळं असतं. निदान तीन स्वतंत्र खुणा त्या सामन्याच्या स्पष्ट फोटोशी जुळायला हव्यात. टीव्हीच्या धूसर चौकटीवरून जुळवलेलं धरू नये. मॅराडोनाची २२ जून १९८६ची इंग्लंडविरुद्धची निळी जर्सी याचा उत्तम नमुना. ते शर्ट ऐन वेळी मेक्सिको सिटीत विकत घेतले होते, बिल्ले घाईने शिवले होते आणि नंबर चंदेरी चमकीचे. म्हणजे प्रत्येक शर्ट आपापल्या परीने वाकडा. २०२२च्या लिलावाआधी हा पहिल्या अर्धातला शर्ट असल्याचा आक्षेप आला. मॅराडोनाचे दोन्ही गोल तर दुसऱ्या अर्धातले. बिल्ला, पट्टे आणि नंबर यांचे बारकावे फोटोंशी जुळवून तो दुसऱ्या अर्धातलाच असल्याचा निर्वाळा मिळाला आणि तो सुमारे ७१ लाख पौंडांना गेला. त्या दिवशीची घाईच पुरावा ठरली.

बॅट जुनी करताना बहुतेक जण सँडपेपर वापरतात. त्याचे ओरखडे समांतर असतात आणि त्यांच्या तळाशी ताजं फिकट लाकूड दिसतं. वापरातल्या बॅटवरचे ओरखडे हव्या त्या दिशेने गेलेले, तळाशी मळ आणि तेल बसलेलं. चेंडूचे ठसे मधोमध आणि कडेला असावेत, खांद्यापाशी रचलेले नसावेत. आणि ब्रॅडमनच्या नावाच्या बॅटबद्दल एकदा सांगून टाकतो: विल्यम साइक्स कंपनी त्याच्या छापील सहीच्या बॅटा बाजारात विकत असे. ती सही म्हणजे ब्रँड आहे, ब्रॅडमनचा हात त्या बॅटला लागलेला नसतो. 'ब्रॅडमन ऑटोग्राफ बॅट' हे वर्णन त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या खरं असतं आणि तरीही लोक बुडतात.

आता सही

आधी ती पेनाने केलेली आहे का ते बघा. आडव्या उजेडात सहीची रेष फोटोच्या चकाकीच्या वर बसलेली दिसायला हवी. चकाकी सहीवरून सलग जात असेल, किंवा भिंगाखाली रेषेचे ठिपके होत असतील, तर सही छापलेली. रबरी शिक्क्यात शाई कडांना दाटते आणि मध्ये फिकी पडते. बॉलपेन खोबणी पाडतं आणि वळणानंतर शाईचा बारीक गोळा सोडतं. दौतीच्या निबेची उभी रेष दाबल्यावर दोन कडांनी गडद, मध्ये फिकी उमटते.

हाताने केलेली असली तरी कुणाच्या हाताने हा प्रश्न राहतोच. लोकप्रिय खेळाडूंच्या वतीने सचिव, संघातला पोरगा, कधी सहकारी खेळाडू सह्या ठोकून देत. सगळ्या संघाच्या सह्या असलेल्या कागदावर वेगवेगळ्या नावांतला एकच 'आर' किंवा एकच तिरपेपणा दिसतो का बघा. सही करणाऱ्या यंत्राच्या रेषेत दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा, आणि दोन्ही टोकं बोथट ठिपक्यासारखी. एकाच खेळाडूच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि तंतोतंत जुळल्या, तर त्यातली निदान एक माणसाची नव्हे. माणूस दोनदा सारखी सही करत नाही.

गिरवलेल्या सहीची खूण आकारात नसते, वेगात असते. खरी सही करताना पेन हवेतूनच चालत येतं, म्हणून सुरुवात आणि शेवट निमुळते. गिरवणारा पेन टेकवून मग निघतो, वळणावर थबकतो, मध्येच उचलून पुन्हा जोडतो. ही जोडणी भिंगाखाली स्वच्छ दिसते. तुलना त्याच काळातल्या सह्यांशी करा. बॉक्सर कॅशियस क्लेचा मुहम्मद अली झाला मार्च १९६४ मध्ये, त्यामुळे फेब्रुवारीतल्या लिस्टन सामन्याच्या वेळीच 'अली' म्हणून सही केल्याचा दावा टिकत नाही. नंतर पार्किन्सनमुळे त्याचं अक्षर बारीक आणि कापरं होत गेलं, म्हणजे उशिराच्या तारखेची डौलदार सहीच उलट संशयाची.

कुणाच्या तरी नावे केलेला मजकूर पुसून फक्त सही ठेवण्याचाही धंदा आहे, कारण निव्वळ सहीला भाव जास्त. टॉर्चखाली ब्लीच लावलेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो.

सर्टिफिकेट

विक्रेत्याने स्वतः छापलेल्या सर्टिफिकेटची किंमत त्या कागदाएवढी. १९९०च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये बनावट सह्यांची जी टोळी पकडली, तिच्या मालाबरोबर सर्टिफिकेटं व्यवस्थित येत होती. त्याच मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही निघाला.

कार्ड तपासून डबीत सील करणाऱ्या नामांकित संस्थेच्या डबीचा नंबर संस्थेच्या साइटवर तपासाच, पण नंबर सापडला म्हणून निश्चिंत होऊ नका. खऱ्या कार्डाचा नंबर उचलून नकली डबीवर छापतात. साइटवर त्या कार्डाचा फोटो असेल तर तो आपल्या कार्डाशी ताडून बघा: चारही बाजूंच्या पांढऱ्या पट्टीची रुंदी आणि छपाईतले भटके ठिपके. डबीच्या कडेची सांधणी पुन्हा चिकटवल्यासारखी धुरकट किंवा तडकलेली नसावी.

पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडे एवढे फोटो मागा: पुढून, मागून, कडा, शर्ट असेल तर आतली बाजू आणि लेबल, शेजारी पट्टी ठेवून एक, बाजूने टॉर्च मारून आडव्या उजेडात एक, आणि आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह एक. शेवटचा फोटो मिळाला नाही तर वस्तू त्याच्याकडे नाही असं धरा. आलेले फोटो इमेज सर्चमध्ये टाका. जुन्या लिलावातून उचललेले असतील तर तिथेच सापडतील. फ्रेममधली वस्तू काचेमागून तपासता येत नाही, म्हणून फ्रेम उघडायला नकार असेल तर व्यवहार सोडा. आधी कुणाकडे होती याची कहाणी कितीही रंगतदार असली तरी ती लेखी आणि नावानिशी मागा. पैसे परताव्याची सोय असलेल्या मार्गानेच भरा.

पार्सल न थांबता, एका सलग व्हिडिओत उघडा, पत्त्याच्या लेबलापासून सुरुवात करून. पुसू नका, डाग काढू नका, सुरकुती दाबू नका. मोजमाप, टॉर्च आणि भिंग या तिन्ही तपासण्या त्याच दिवशी उरका आणि परत पाठवायची मुदत संपेपर्यंत खोका आणि आतला कागद तसाच ठेवा.